बैलाला कोलामीत आवतन

आमच्या घरात भांडण पेटलं की शेजारची माणसं कुंपणापाशी येऊन हात जोडून उभी राहायची. हे सांगितलं की माझी नात म्हणते, आजी, जरा कमी कर. पण यात कमी करण्यासारखं काही नाही आणि वाढवायची तर मुळीच गरज नाही. आम्ही कोलाम. गावाची शीव बांधायला, गावदेवाची पूजा करायला आमच्या भागातले शेतकरी कोलाम पुजाऱ्याला बोलावतात आणि झाडपाल्याचं औषधही त्यालाच विचारतात. एवढ्यावरून लोकांनी ठरवून टाकलं होतं, की कोलामाच्या तोंडून कोलामीत जे काही बाहेर पडतं तो मंत्रच. आई बाबांना म्हणत असायची, मीठ आणायला विसरलात ना, मग आता अळणी भाजी मुकाट्याने गिळा. आणि कुंपणापलीकडची बाई डोळे मिटून, काखेतल्या लेकराचं तोंड आमच्या स्वयंपाकघराकडे वळवून, त्या आशीर्वादाचा लाभ घेत असायची. भांडण जितकं मोठं तितकी गर्दी जास्त. गर्दी पाहिली की बाबा लाजून गप्प बसत, त्यामुळे आमच्या घरात नेहमी आईच जिंकायची.

आम्ही मूळचे डोंगरातल्या पोडावरचे. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. बाबांना केळापूरच्या बाजूच्या एका बाजारगावात, गुरांच्या दवाखान्यात ड्रेसरची नोकरी लागली. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, आणि डॉक्टर सुई टोचत असताना बैलाने त्यांना लाथ घालू नये एवढं पाहायचं. नोकरीबरोबर बाबांना दवाखान्यामागची क्वार्टर मिळाली आणि मला शाळा मिळाली. आईला काय मिळालं हे कुणी विचारलं नाही. ती यायला तयारच नव्हती. शेवटी एका अटीवर आली: येत्या पोळ्यापर्यंत राहून पाहीन, करमलं तर ठीक, नाही करमलं तर पोडावर परत जाईन आणि मग पुन्हा बोलवायला येऊ नका. पोरीची शाळा मात्र मोडायची नाही, पोरगी बापाजवळ राहील. आई बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती. त्यामुळे त्या वर्षी मला दुसरी कुठलीच काळजी नव्हती. गणित येत नव्हतं, त्याचंसुद्धा काही वाटायचं नाही. आईला करमतंय की नाही, एवढंच मी दिवसभर तिच्या तोंडाकडे पाहून ताडत बसायची.

क्वार्टर दोन खोल्यांची. पुढच्या खोलीत फिनेलचा वास, मागच्या खोलीत चुलीचा, आणि मधल्या दारात दोन्ही वासांची रोजची झटापट. सकाळी कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा व्हायचा, त्यामागून बैलांच्या गळ्यातल्या घंट्या यायच्या, आणि मग डॉक्टरांच्या मोटारसायकलीचं खोकणं. आई ज्वारीच्या कण्या शिजवायची, अंबाडीची भाजी करायची, पोडावरून कुणी मोहफुलं आणली तर ती उकडायची. त्या दिवशी घरात इतका गोड वास भरायचा, की दवाखान्यात बांधलेल्या म्हशीदेखील मान वळवून पाहायच्या. जेवताना मात्र एक गंमत चालायची. बाबांनी गावात आल्यापासून घरातही मराठी धरली होती. साहेबांसमोर चुकून कोलामी बाहेर पडू नये म्हणून तो सराव होता. आई कोलामीत विचारायची, बाबा मराठीत उत्तर द्यायचे, आणि ते उत्तर आईला अर्धंच कळायचं म्हणून मी पुन्हा कोलामीत सांगायची. नवरा-बायकोच्या मधे बसून कण्या खात खात दुभाष्याचं काम करणारी पोर जिल्ह्यात दुसरी नसावी.

डॉक्टरसाहेब साताऱ्याकडचे. त्यांना इथली बोली म्हणजे थट्टेचा विषय वाटायची. म्हणायचे, हे लोक नुसते ‘करून राह्यलो, करून राह्यलो’ म्हणतात, यांचं काम संपणार कधी? शेतकऱ्यांना साहेबांचं बोलणं ऐकून हसू यायचं, ते मागे जाऊन त्यांची नक्कल करायचे. एका गोष्टीवर मात्र दोन्हीकडचं एकमत होतं, की कोलामी ही भाषा नाही. शेतकरी बैल घेऊन आले की म्हणायचे, साहेब सुई मारा, पण पयले ड्रेसरभाऊले कानात बोलू द्या. बाबा बैलाच्या कानाशी जाऊन सांगायचे, हलू नको बाबा, पायावर पाय देऊ नको, कालच नख गेलंय. बैल उभा राहायचा, कारण बाबांच्या हाताची त्याला सवय झालेली असायची. श्रेय मात्र मंत्राला जायचं आणि सुई फुकट जायची. साहेब भडकले. त्यांनी दवाखान्यात कोलामी बोलायला बंदी घातली. पुढे एकदा त्यांचीच मोटारसायकल काही केल्या सुरू होईना. त्यांनी आजूबाजूला कुणी नाही असं पाहिलं आणि बाबांना हळूच म्हणाले, जरा बोलून बघा की. बाबा गाडीच्या हँडलशी वाकून कोलामीत म्हणाले, हिच्यात पेट्रोल आहे का ते कुणीतरी पाहा. गाडी सुरू झाली नाही. मंत्र यंत्रावर चालत नाही, असा निष्कर्ष काढून साहेब चालत घरी गेले.

शाळेत आमच्या बाई पोरांच्या ‘मले’ आणि ‘तुले’वर पट्टी घेऊन तुटून पडायच्या. अशुद्ध, अशुद्ध म्हणत अर्ध्या वर्गाचे हात लाल करायच्या. मी मात्र वर्षभर एकदाही मार खाल्ला नाही. अशुद्ध ठरायलाही आधी भाषा असावी लागते, ती माझ्याजवळ नव्हती. माझ्याजवळ फक्त शक्ती होती. हिच्या वाटेला गेलं तर ही पुटपुटेल आणि आपली वाचा बसेल, अशी बाईंनासुद्धा धाकधूक असावी. परीक्षेच्या दिवशी पोरी रांगेने पेनं घेऊन यायच्या आणि मी प्रत्येक पेनाला कोलामीत विचारायची, जेवलास का? पोरी पास व्हायच्या, कारण त्या अभ्यासही करायच्या. मी गणितात नापास झाले तेव्हा सगळ्यांना माझं फार कौतुक वाटलं. म्हणाल्या, पाहा, स्वतःसाठी वापरत नाही.

दवाखान्यात बंदी झाल्यापासून लोक सुई पुढच्या दाराने घ्यायचे आणि मंत्रासाठी मागच्या दाराने आमच्या क्वार्टरवर यायचे. बाबांनी शब्द दिला होता, ते बोलायचे नाहीत. मग आई. लोकांचं म्हणणं असं, की ड्रेसरभाऊ मराठी बोलून बोलून पातळ झाला आहे, बाईला मराठी येत नाही म्हणजे तिचा माल कडक. बाया तान्ही लेकरं घेऊन ओट्यावर बसायच्या. आईने सुरुवातीला प्रत्येकीला समजावून पाहिलं. पोराला इतक्या उन्हात एवढ्या कपड्यांत गुंडाळू नका, त्याला नुसत्या घामोळ्या आहेत, असं ती कोलामीत सांगायची आणि त्या माना डोलवून पोराला आणखी गुंडाळून घेऊन जायच्या. मग आईने दुसरा मार्ग धरला. कुणी ऐकत नाहीच तर मन तरी मोकळं करावं. समोर बसलेल्या बाईच्या डोळ्यांत पाहून ती तासभर बोलायची. नळावर तुम्ही मला नंबर देत नाही. तुमच्या घरची कढी मी चाखली, ती कढी नव्हती. माझा नवरा घरात परक्यासारखा बोलतो. या गावात माझं नावसुद्धा कुणाला माहीत नाही, सगळे कोलामीनबाई म्हणतात. मी बाजूला बसून ओठ चावून हसू दाबायची, आणि बाई उठताना आईच्या पाया पडायची. पहिले काही महिने आम्हा मायलेकींना याची मजा वाटली. पण उन्हाळ्यानंतर आईने बायांशी बोलणं आखडतं घेतलं. अंगणात बांधलेल्या आजारी बैलांजवळ जाऊन बसायची आणि त्यांच्याशी बोलायची. मी विचारलं तर म्हणाली, ते निदान कान हलवतात. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

इथे जरा थांबून सांगते. पुढे मी नर्स झाले, आयुष्यभर सरकारी दवाखान्यात सुया टोचल्या आणि निवृत्त झाले. धडधाकट शिकलेली माणसं बाही वर करून म्हणायची, सिस्टर, तुमच्या भाषेत काहीतरी म्हणा ना आधी. मध्यंतरी एक संशोधक बाई घरी आल्या होत्या. कोलामी वाचवायची आहे म्हणाल्या, दोन दिवस माझं बोलणं मोबाइलवर भरून घेतलं, भाषा किती प्राचीन, किती समृद्ध, असं बरंच बोलल्या. जाताना दारात चपला घालता घालता त्यांनी आवाज खाली आणला आणि विचारलं, पाठदुखीवर काही आहे का हो? मी म्हटलं, आहे, पलंग बदला. त्यांनी तेही भरून घेतलं.

तर पोळा जवळ आला. गावात वसंतराव म्हणून मोठे शेतकरी होते, कपाशी आणि तुरीचं बरंच शेत, आणि पांढऱ्याशुभ्र बैलांची एक जोडी, जिच्यावर त्यांचा पोटच्या पोरांपेक्षा जीव. ही जोडी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, भर मैदानात उभी राहिली होती आणि लोकांकडे पाहत रवंथ करत होती. वसंतरावांनी ते मनाला लावून घेतलं. तूप झालं, बदाम झाले, तालुक्याचा ज्योतिषी झाला. आता पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांना आवतन देतात. दिवसभराचं जू उतरवून बैल धुतात, पळसाच्या पानांनी त्यांच्या खांद्याला तूप-हळद लावतात आणि घरच्या पाहुण्याला सांगावं तसं त्यांना सांगतात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ वसंतरावांच्या डोक्यात आलं, की हे आवतन आपण आजवर साध्या मराठीत देत आलो, म्हणून बैलांनी मनावर घेतलं नाही. यंदा कोलामीत द्यायचं.

ते बाबांना भेटायला आले. बाबांनी आईला विचारलं, आई हो म्हणाली. मला आश्चर्य वाटलं, कारण तोवर तिने लोकांना जवळजवळ वाटेलाच लावणं सुरू केलं होतं. संध्याकाळी आम्ही वसंतरावांच्या गोठ्यात गेलो तर अर्धं गाव जमलेलं. डॉक्टरसाहेब ‘सहज’ आले होते. वसंतरावांच्या बायकोने, कुसुमकाकूंनी, हळद-तुपाची वाटी आईच्या हातात दिली. पळसाची पानं माझ्या हातात होती. आईने दोन्ही बैलांचे खांदे सावकाश चोळले, मग थोरल्याच्या गळ्यावर हात ठेवला आणि कोलामीत बोलू लागली. बाबा रे, उद्या पोटभर जेव. मी काही तुझा थाट पाहायला नसणार. दुपारच्या गाडीने पोडावर चालले. वर्षभर राहून पाहिलं, नाही करमलं. पोरीला अजून सांगितलं नाही, तिच्या तोंडाकडे पाहून जीभ उचलत नाही, म्हणून तुला सांगते. तिचा बाप तिला पाणीदार वरण करून घालील, ते ती निमूट खाईल, तशी शहाणी आहे.

बाबा बाहेरच्या गर्दीत साहेबांजवळ उभे होते, त्यांच्यापर्यंत काही पोचलं नाही. गोठ्यात आई काय बोलली हे कळलेली मी एकटी. आजूबाजूला सगळे डोळे मिटून उभे होते. माझ्या हातातली पानं खाली पडली आणि मी मराठीत ओरडले, ती उद्या जाऊन राह्यली, माही आई उद्या जाऊन राह्यली. वसंतरावांनी झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. पोरी, मंत्राचा अर्थ सांगत नसते, म्हणाले, उतरते तो. लगेच गोठ्यात पंचायत बसली. अर्थ अर्धाच सांगितला आहे, तेव्हा मंत्र अर्धाच उतरला असेल, असं एकाचं मत. दुसरा म्हणाला, डावा बैल पुढे होता, म्हणजे उतरला तो डाव्याचाच. साहेबांनीही, आपला या गोष्टींवर विश्वास नाही असं सांगून, बाईंकडून पुन्हा एकदा म्हणून घ्यायला हरकत नसावी असं सुचवलं. तोवर आई बैलाच्या गळ्यात पडून रडत होती. ते पाहून कुणीतरी म्हणालं, हे तं पुढचं आहे, आणि कुणीतरी तिच्या डोळ्यांतलं पाणी धरायला वाटी आणायला धावलं. मला त्या सगळ्यांना बैलाच्या शिंगांवर बसवावंसं वाटत होतं.

वाटी आणली ती कुसुमकाकूंनी घेतली आणि बाजूला ठेवून दिली. त्या आईच्या जवळ गेल्या. “काहून जाते व बाई?” त्यांनी विचारलं.

आई त्यांच्याकडे पाहतच राहिली. वर्षभरात गावातल्या कुणी तिला काही विचारलेलं नव्हतं. तिच्याजवळ होती नव्हती तेवढी मराठी गोळा करून ती म्हणाली, “मी बोलते. लोक हात जोडते. बोलत कोणीच नाई.”

दुसऱ्या दिवशी, भर पोळ्याला, कुसुमकाकू आमच्या क्वार्टरवर आल्या. घरी चुलीवर पुरण शिजत टाकून आल्या होत्या, आणि पोळ्याचं पुरण सोडून बाई दुसऱ्याच्या दारी येते म्हणजे त्या गावात नवल होतं. आईचं गाठोडं बांधून झालं होतं. बाबा कोपऱ्यात बसून इतक्या महिन्यांनी कोलामीत बोलत होते, नुसतं ‘जाऊ नको’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. काकूंसोबत ना नारळ होता ना आजारी लेकरू. त्या जमिनीवर बसल्या आणि माझ्यामार्फत आईचं नाव विचारलं. भीमाबाई, असं कळल्यावर त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. मग चुलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, याले तुह्या बोलीत काय म्हणते ते सांग. आईला वाटलं ही थट्टा आहे. ती गाठोड्याची गाठ पुन्हा आवळत बसली. गाडीची वेळ टळली तरी काकू हलेनात, आणि त्यांच्या घरून पुरण करपल्याचा निरोप आला तरी हलेनात, तेव्हा आई एक शब्द बोलली. काकूंनी तो असा काही उच्चारला की आई नको नको म्हणत हसली. गाठोडं तसंच राहिलं, पण सोडलं नाही. आठवडी बाजाराला पोडावरून भाऊ येईल, त्याच्यासोबत जाईन, असं आईने सांगितलं. म्हणजे मला थोडे दिवस मिळाले. काकू रोज येत गेल्या.

बाजाराच्या दिवशी आम्ही तिघी निघालो. मामा आमच्यासाठी वडाखाली थांबला होता, आईचं गाठोडं माझ्या डोक्यावर होतं आणि मला ते जगातलं सगळ्यात जड ओझं वाटत होतं. वाटेत वांग्यांच्या ढिगाशी काकू थांबल्या. एक वांगं उचलून, आदल्या दिवशी पाठ केलेलं वाक्य त्या मोठ्याने कोलामीत आईला म्हणाल्या: ही वांगी किडकी दिसतात. भाजीवाला काकूंना लहानपणापासून ओळखत होता. त्याने टोपी काढली आणि हात जोडले. काकू गोंधळल्या, त्यांना वाटलं उच्चार चुकला, म्हणून त्यांनी तेच पुन्हा म्हटलं. शेजारचा मिरचीवाला उभा राहिला. एका बाईने आपलं पोरगं काकूंच्या पायावर घातलं. काकू म्हणाल्या, अरे मी कुसुम आहो, वसंताची घरची, वांगे पाहून राह्यली मी. तर भाजीवाला दबक्या आवाजात म्हणाला, मधातच मराठी नोका बोलू काकू, तुटते तो. बघता बघता रांग लागली. काकूंनी चारी बाजूंना पाहिलं. सगळे ओळखीचे चेहरे, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि एकही माणूस त्यांच्याशी बोलायला तयार नाही. त्यांचे डोळे भरून आले. वांगं हातात धरून, हरवलेल्या पोरीसारखं त्यांनी आईकडे पाहिलं.

आई पुढे झाली. तिने वांगं काकूंच्या हातातून घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि कोलामीत म्हणाली, किडकी नाहीत, जून आहेत, पलीकडच्याकडे कोवळी आहेत. काकूंना त्यातलं ‘पलीकडे’ तेवढं कळलं. त्यांनी येत होतं त्यातलं आणखी एक वाक्य वापरून टाकलं: तू जेवलीस का? आई म्हणाली, कुठली जेवते, तू कुठे जेवू घातलंस? मी घाईघाईने त्याचा अर्थ काकूंच्या कानात सांगितला, काकू हसल्या, आणि मग त्या दोघी सुरूच झाल्या. एकीला पाच-सहा वाक्यं येत होती, दुसरीला सगळी भाषा येत होती. वांगी, मिरच्या, काकूंचं करपलेलं पुरण, वसंतरावांचं घोरणं, सगळं निघालं. बाजार ठप्प झाला होता. तराजू हवेत होते, टोप्या हातात होत्या. लांबून मामा गर्दी सारत आला आणि त्याने आईला विचारलं, चलतेस ना, गाडी लागली आहे.

आईने काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यावरचं गाठोडं तिने उतरवून जमिनीवर ठेवलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ती मामाला कोलामीत म्हणाली, “तू जा. मी नाही येत.” सगळ्या बाजाराने मान झुकवून ते ऐकून घेतलं. मी तिथेच मातीत बसून भोकाड पसरलं, आणि भाजीवाल्याने माझ्यापुढेही हात जोडले.